गावाची तिसरी माती
टेकडीवरील तांबड्या जमिनीची ओळख : परिसर अभ्यास व भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी



आपल्या खेड्यांतून मातीची दोन नावे मोठ्या आदराने घेतली जातात. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, तिला आपण आई म्हणतो. पांढरी म्हणजे गावठाण, जिच्यावर घरे उभी राहिली ती वस्तीची जमीन. या दोहोंवाचून गाव होत नाही, हे खरेच आहे. परंतु बहुतेक गावांच्या शिवारात आणखी एक तिसरी माती असते. ती माळावर असते, टेकडीच्या उतारावर असते, राखीव रानात सीताफळीच्या व पळसाच्या बुंध्याशी असते. ती तांबडी असते. तिला कोणी आई म्हणत नाही. रस्त्यावर घालावयास मुरूम हवा असला म्हणजे तेवढी तिची आठवण होते.

काही वर्षांपूर्वी एका शाळेस भेट देण्याचा योग आला. पाचवीच्या वर्गात मातीचे प्रकार चालले होते. मी विचारले, "तांबडी माती कोठे आढळते?" सर्व हात वर झाले आणि एकमुखाने उत्तर आले, "कोकणात!" पुस्तकाच्या दृष्टीने उत्तर चुकीचे नव्हते. परंतु शाळेच्या खिडकीतून जी टेकडी दिसत होती ती तांबूस होती, अंगणात पसरलेला मुरूम तांबूस होता, आणि उत्तर देणाऱ्या मुलांचे पायही त्याच धुळीने तांबूस झाले होते. वर्गशिक्षकांनी नंतर प्रांजळपणे सांगितले, "साहेब, आमच्या टेकडीची माती हीही माती आहे, हे माझ्याही ध्यानात आले नाही." त्यांचा दोष मी मानीत नाही. मीही शिक्षक असताना अनेक वर्षे तसेच शिकवीत होतो. त्या प्रसंगाने मात्र हा लेख लिहिण्याची निकड मला वाटली.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. ही माती तांबडी का होते, तिचे गुणधर्म कोणते, आणि ती वाहून गेली तर खालच्या काळीचे व गावाच्या विहिरींचे काय होते. शेवटी वर्गात करून पाहण्याजोगे काही प्रयोग दिले आहेत.

१. तांबडेपणा कशाचा?

मातीला तांबडा रंग लोखंडामुळे येतो, हे आपण मुलांना सांगतोच. येथे एक शंका विचारी मुलाच्या मनात येण्यासारखी आहे, आणि ती यावी अशीच आपली इच्छा असली पाहिजे. लोखंड काळ्या मातीत नाही काय? उत्तर असे की, आहे, आणि पुष्कळ आहे. आपल्या जिल्ह्यातील काळी व तांबडी या दोन्ही माती एकाच खडकाच्या लेकी आहेत. तो खडक म्हणजे काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर येऊन पसरला व थिजला. त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. या पाषाणात लोखंडाचे प्रमाण चांगलेच असते. ओढ्याच्या काठच्या वाळूतून लोहचुंबक फिरविला तर त्याला काळे कण चिकटतात. ते याच पाषाणातून सुटलेले लोहयुक्त कण होत.

तेव्हा मातीत लोखंड किती आहे यापेक्षा ते कोणत्या स्थितीत आहे, यावर रंग अवलंबून असतो. नवा खिळा करडा दिसतो. तोच पावसात पडून राहिला की तांबूस होतो. खिळ्यातील लोखंड वाढत नाही, फक्त हवेतील प्राणवायू व पाणी यांच्याशी त्याचा संयोग होतो. पाषाणाचेही तसेच आहे. पावसाचे पाणी भेगांतून आत शिरते, पाषाणातील खनिजे कुजल्यासारखी होतात, त्यांत बद्ध असलेले लोह सुटे होते आणि प्राणवायूशी संयोग पावते. त्यातून दोन मुख्य पदार्थ बनतात. ज्यात पाण्याचा अंश राहतो तो पिवळसर-तपकिरी. त्यास गोएथाइट म्हणतात. ज्यात पाण्याचा अंश नसतो तो लाल. त्यास हेमेटाइट म्हणतात. आपला परिचित गेरू म्हणजे हेमेटाइटने रंगलेली मातीच होय. हेमेटाइटची रंगविण्याची शक्ती इतकी मोठी आहे की, मातीत त्याचे प्रमाण शेकडा एक-दोन असले तरी सारी माती लालसर दिसते.

जेथे पावसाचे पाणी चटकन निथळून जाते, उन्हाने जमीन वारंवार तापते व कोरडी होते, मातीच्या कणांमध्ये हवा खेळते, तेथे लाल रंगाचा हा पदार्थ तयार होण्यास अनुकूल परिस्थिती असते. टेकडीचा उतार ही अशीच जागा आहे. म्हणून तांबडा रंग ही मातीने आपणांस दिलेली एक खूणच समजावी. "येथे पाणी थांबत नाही, येथे हवा खेळते," असे ती माती सांगत असते.

२. वारशाचा रंग आणि कमावलेला रंग

भूगोलाच्या पुस्तकांत डोंगराळ वनांतील तांबूस मातीचे जे वर्णन येते, ते पुष्कळदा निराळ्या खडकावर बनलेल्या मातीचे असते. रेती आणि चिकणमाती यांच्या दरम्यानच्या आकाराचे, म्हणजे सुमारे ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर व्यासाचे बारीक कण पाण्याने वाहून येऊन साचतात, दडपले जातात आणि कालांतराने त्यांचा खडक बनतो. यास गाळाचा बारीक खडक म्हणू. हिमाचल प्रदेशात सोलन जिल्ह्यातील डगशाई या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांच्या मालिकेत असे लाल-जांभळट गाळाचे खडक विपुल आहेत. नद्यांच्या पुरांबरोबर आलेला तो गाळ साचत असतानाच हवेच्या संपर्काने लाल झाला होता. पुढे त्याचा खडक झाला, खडक उंचावून डोंगर झाले, आणि आज ते डोंगर झिजून जी माती होते ती जन्मतःच तांबूस असते. म्हणजे तिचा रंग तिला खडकाकडून वारशाने मिळालेला आहे. अशा मातीत बारीक गाळाचे कण अधिक असल्यामुळे ती हातास पिठासारखी मऊ लागते, पावसाच्या माऱ्याने तिच्यावर पापुद्रा धरतो आणि उतारावरून ती सहज वाहून जाते.

आपल्या महाराष्ट्रात वर्धा व गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांत, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, गोंडवन काळातील गाळाचे खडक आहेत. चंद्रपूरचा दगडी कोळसा याच खडकांत मिळतो. जालना जिल्ह्यात मात्र असा डोंगर नाही. येथे सर्वत्र काळा पाषाणच आहे. मग काळ्या पाषाणापासून तांबडी माती कशी? तर या मातीने आपला रंग स्वतः कमावलेला आहे. तिचा बाप काळा, पण ऊन, पाऊस व वारा यांनी तिला तांबडी केली. हा भेद शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावा. दोन माणसांच्या अंगावरचे कपडे सारख्या रंगाचे असले म्हणून दोघे एका घरचे ठरत नाहीत; तसेच दोन ठिकाणच्या माती तांबड्या असल्या म्हणून त्यांचा जन्म एकसारखा ठरत नाही.

हाच विचार कोकणास व महाबळेश्वरास लावून पाहावा. तेथील पुष्कळ भागात खडक आपल्याचसारखा काळा पाषाण आहे, परंतु पाऊस आपल्या अनेक पट पडतो. त्या पाण्याने चुना, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन नेली. लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. त्यांचा जो तांबडा, सच्छिद्र थर बनला तो जांभा. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मलबारच्या प्रवासवर्णनात यास विटेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून नाव दिले, कारण तेथील लोक तो ओला असता कापून विटांप्रमाणे वापरीत. आपल्या टेकड्यांवरील माती म्हणजे जांभा नव्हे. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पावसात जांभा होण्याइतके धुऊन जाणे होत नाही. आपली माती तांबूस-तपकिरी होऊन थांबते.

तांबड्या रंगाचा आणखी एक पुरावा आपल्या विहिरींत आहे. जुनी विहीर खोदणाऱ्या मंडळींस विचारा. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कठीण काळा पाषाण, आणि मध्येच केव्हा तरी गेरूसारखी तांबडी पट्टी लागते, असे ते सांगतील. लाव्हारसाचा एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये काही काळ जात असे. त्या अवधीत खालच्या थराचा पृष्ठभाग किंवा त्यावर पडलेली राख झिजून तिची माती होई. वरून दुसरा तप्त थर आला की ती माती भाजून निघे. कुंभाराच्या भट्टीत जे होते तेच येथे निसर्गाने केले. म्हणजे विहिरीच्या पोटातील ती पट्टी ही कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन आहे, आणि टेकडीवरील तांबडी ही आजची जमीन आहे. मुलांस ही गोष्ट सांगितली असता त्यांचे डोळे कसे विस्फारतात, याचा अनुभव घ्यावा.

३. टेकडीपासून ओढ्यापर्यंत

आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस भोकरदन व जाफ्राबाद तालुक्यांकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे आले आहेत, आणि दक्षिणेस अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांची जमीन उतरत उतरत गोदावरीच्या काठापर्यंत जाते. मधून पूर्णा, दुधना, केळना, गिरजा, गल्हाटी अशा नद्या वाहतात. हा मोठा उतार समजण्यासाठी नकाशा हवा. परंतु त्याचीच लहान प्रतिकृती प्रत्येक गावात असते. एखाद्या टेकडीच्या माथ्यावरून निघून ओढ्यापर्यंत चालत यावे.

माथ्यावर उघडा पाषाण दिसतो. गोल धोंड्यांचे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत असतात. पाषाणाचा मुरूम होण्याची ती पहिली पायरी. थोडे खाली आले की वीतभर जाडीची, खड्यांनी भरलेली तांबूस माती लागते. आणखी खाली ती तपकिरी होते व तिची खोली हातभर होते. शेवटी ओढ्याच्या आसपास ती काळी, चिकट आणि पुरुषभर खोल होते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

एकाच खडकाची माती वर तांबडी आणि खाली काळी का? वरून निथळणारे पाणी रिकाम्या हाताने जात नाही. ते आपल्याबरोबर बारीक कण नेते, तसेच विरघळलेला चुना, मॅग्नेशियम व सिलिका नेते. खाली जमीन सपाट झाली की पाणी मंदावते व ही सामग्री तेथे साचते. तिच्यापासून पाणी पिऊन फुगणारी व वाळल्यावर आकसणारी चिकणमाती तयार होते. पावसाळ्यात तेथे पाणी मुरून राहते, हवा कमी खेळते, म्हणून लाल लोह मोकळेपणाने तयार होत नाही. सेंद्रिय पदार्थाचा थोडासा अंश त्या चिकणमातीशी घट्ट बांधला जातो आणि माती काळी दिसते. काळ्या रंगावरून ती फार सेंद्रिय आहे असा समज होतो, पण तो बरोबर नाही. आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा कमीच आढळतो.

उतारावरील मातींची ही साखळी १९३५ च्या सुमारास जेफ्री मिल्न या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील टेकड्यांवर प्रथम स्पष्टपणे मांडली. त्याने तिला साखळी या अर्थाचेच नाव दिले. वरची कडी सुटली की खालची सैल होते, हे त्या नावातच आले. काळीला आई म्हणावयाचे तर तांबडी ही त्या आईची आई होय, असे म्हणावयास हरकत नाही.

४. तांबड्या मातीचे गुणधर्म

गुणधर्म सांगताना दोन्ही माती शेजारी शेजारी ठेवून सांगाव्यात. म्हणजे मुलांस घोकावे लागत नाही.

(अ) खोली : टेकडीवरील तांबडी उथळ असते, बहुधा वीतभर ते हातभर. खाली लगेच मुरूम लागतो.

(आ) पोत : तीत खडे व रेती अधिक. ओली करून वळकटी केली असता तुटते. काळीची वळकटी लांब होते व बोटाभोवती वाकविता येते.

(इ) पाणी : तांबडीत पाणी लवकर मुरते आणि लवकर निथळते, धरून ठेवण्याची शक्ती कमी. खोल काळी जमीन पावसाळ्यात साठविलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकविते. तांबडीवरचे पीक पावसाने काही दिवस ओढ दिली की माना टाकते.

(ई) मशागत : पाऊस पडून गेल्यावर तांबडीत लवकर वाफसा येतो. काळीत चिखल होतो व औत थांबते. वाळल्यावर तांबडीस मोठ्या भेगा पडत नाहीत.

(उ) आम्लता : तांबडी किंचित आम्ल ते उदासीन असते. काळी बहुधा अल्कधर्मी असून तीत चुनखडीचे खडे सापडतात.

(ऊ) अन्नांश : नत्र व स्फुरद यांची तांबडीत बहुधा उणीव असते, आणि सेंद्रिय पदार्थ उघड्या माळावर फारच थोडा असतो.

यावरून तांबडी माती वाईट आणि काळी चांगली, असा निष्कर्ष काढू नये. हलक्या जमिनीवर बाजरी, मटकी, हुलगा, तीळ ही पिके आपल्या वाडवडिलांनी घेतली ती जमिनीचा स्वभाव ओळखूनच. सीताफळ तर मुरमाड उतारावर स्वतःहून वाढते. मोसंबीचे उदाहरण आपल्या जिल्ह्यास विशेष जवळचे आहे. मोसंबीच्या मुळांस थांबलेले पाणी मानवत नाही; चिबड, भारी काळ्या जमिनीत तिला मूळकूज व डिंक्या यांचा उपद्रव होतो. म्हणून खाली मुरूम असलेली, निचऱ्याची मध्यम जमीन जाणता बागाईतदार पसंत करतो. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या कीर्तीत या निचऱ्याच्या जमिनीचाही वाटा आहे, हे मुलांस सांगावे. तसेच त्या जमिनीची उणीवही सांगावी. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातील अनेक मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. निचरा हा गुण, पण साठवण नसेल तर तोच गुण संकट होतो.

५. रान आणि माती

आपल्या जिल्ह्यात वनाखालील क्षेत्र अत्यल्प आहे. जे आहे त्यात पळस, धावडा, खैर, सालई, टेंभुर्णी, सीताफळ, बोर, बाभूळ अशी झाडे दिसतात. अशा रानात जाऊन झाडाखालचा पाचोळा हाताने अलगद दूर करावा. सर्वांत वर ओळखू येणारी पाने, त्याखाली अर्धवट कुजलेला चुरा, त्याखाली दोन-चार बोटे जाडीची काळसर भुसभुशीत माती, आणि तिच्याखाली खरी तांबूस माती. झाड नसलेल्या माळावर हे वरचे तीन थर आढळत नाहीत. तेथे तांबडी उघडीच असते.

हा पाचोळ्याचा थर म्हणजे मातीच्या अंगावरचे पांघरूण होय. पावसाचा थेंब वेगाने येऊन उघड्या मातीवर आदळला की कण उडतात, बारीक छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. पाचोळ्यावर पडलेला थेंब फुटतो, मंद होतो आणि मग हळूहळू आत झिरपतो. वाळवी व मुंग्या खालची बारीक माती वर आणतात. वारूळ म्हणजे त्या उद्योगाचा ढीग. त्यांनी केलेल्या वाटांतूनही पाणी खाली उतरते. असे मुरलेले पाणी मुरमातून व पाषाणाच्या भेगांतून सरकत पायथ्याच्या विहिरींस मिळते. टेकडी उघडी झाली की पायथ्याची विहीर लवकर आटते, हा अनुभव पुष्कळ गावांनी घेतलेला आहे.

गवतावरूनही मातीची अवस्था ओळखता येते. जेथे केवळ कुसळी माजली आहे, तेथे माती पातळ व थकलेली समजावी. चराई थांबविल्यावर काही वर्षांत मारवेल, शेडा, पवना ही चांगली गवते परत येऊ लागली तर माती सावरत आहे, असे समजावे.

६. एका सेंटिमीटरचा हिशेब

हा भाग गणिताच्या तासास घ्यावा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावरील १ सेंटिमीटर जाडीची माती म्हणजे १०० घनमीटर. एका घनमीटर मातीचे वजन सुमारे १.३ टन धरले तर १३० टन माती झाली. एका बैलगाडीत अर्धा टन माती मावते असे धरल्यास २६० गाड्या. एक सेंटिमीटर माती गेली असे आपण सहज म्हणतो; तिचा अर्थ एका हेक्टरातून २६० गाड्या भरून गेल्या, असा आहे.

आता दुसरा प्रश्न. खोल काळीची जाडी दीड मीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे तिचा दीडशेवा भाग. टेकडीवरील तांबडी १५ सेंटिमीटर असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे तिचा पंधरावा भाग. नुकसान सारखेच, पण गरिबाच्या घरचे. शिवाय वाहून जाताना बारीक कण आधी जातात, ज्यांत अन्नांश असतो. खडे मागे राहतात. पाषाणापासून नवी सेंटिमीटरभर माती होण्यास शेकडो वर्षे लागतात. म्हणून ही हानी आपल्या हयातीत भरून येणारी नाही. खाली गेलेली माती शेतात पडली तर कदाचित उपयोगी पडेल. परंतु पुष्कळशी ओढ्यात व तलावात जाते, आणि तलाव गाळाने भरतात. म्हणजे टेकडीने माती गमावली आणि तलावाने पाण्याची जागा गमावली, असे दुहेरी नुकसान होते.

यावर उपाय नाही असे नव्हे. आपल्याच जालना तालुक्यातील कडवंची गावाचे उदाहरण घ्यावे. तेथे १९९६ पासून खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून माथा ते पायथा या क्रमाने कामे झाली. आधी वरच्या उतारावर समतल चर, मग शेतांत बांध व पाण्याचा निचरा, मग ओढ्यावरील कामे. पुढे गावकऱ्यांनी शेततळी केली. एके काळी कोरडवाहू असलेले हे गाव द्राक्षबागांसाठी ओळखले जाऊ लागले. या कामाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आरंभ काळीपासून झाला नाही, वरच्या मुरमाड जमिनीपासून झाला.

येथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी मी मुलांकडून शाळेमागच्या मुरमाड उतारावर खड्डे खणून घेतले आणि रोपे लावली. वृक्षारोपणाचा दिवस थाटात झाला. पुढल्या चैत्रापर्यंत एकही रोप जगले नाही. मुरमातला खड्डा ही जणू कुंडीच होती. मुळांना पसरावयास जागा नव्हती आणि ओल टिकत नव्हती. मातीचा स्वभाव न ओळखता मी काम सांगितले होते. काही वर्षांनी गावातील एका वृद्ध गुराख्याच्या सल्ल्याने आम्ही उताराला आडवे उथळ चर खणले, त्यांच्या बांधावर पावसाच्या तोंडी सीताफळ व निंब यांचे बी टोकले आणि तेवढ्या भागात गुरे जाऊ दिली नाहीत. सारेच बी उगवले नाही. पण जे उगवले ते आपल्या मुळांनी मुरमात वाट काढून जगले. ज्या कामाचा समारंभ झाला नाही ते टिकले.

७. वर्गात करावयाचे प्रयोग

यासाठी प्रयोगशाळा नको. डबे, बाटल्या, पाणी आणि दोन प्रकारची माती एवढे पुरे.

प्रयोग पहिला : काचेच्या किंवा पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती व वर पाणी घालून खूप हलवावे व ठेवून द्यावे. खडे व रेती मिनिटभरात बसतात, गाळाचे कण काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत किंवा त्याहूनही उशिरा. तांबडीची व काळीची बाटली शेजारी ठेवून थरांची जाडी मोजावी.

प्रयोग दुसरा : दोन सारख्या डब्यांच्या बुडास सारखी छिद्रे पाडून, आत फडके घालून, सारख्या वजनाची कोरडी व कुटलेली माती भरावी. दोहोंत एकेक पेला पाणी ओतून खाली किती पाणी व किती वेळात येते ते लिहावे. काळी माती ढेकळांची असू नये. नाही तर पाणी फटींतून निसटते आणि निष्कर्ष चुकतो.

प्रयोग तिसरा : काळ्या मातीचे एक ढेकूळ चुलीतील निखाऱ्यांत शिक्षकांनी स्वतः तासभर भाजून थंड करावे व फोडून दाखवावे. ते तांबूस झालेले दिसेल. काळीत लोखंड लपलेले आहे, हे मुलांस स्वतःच्या डोळ्यांनी पटेल. वीट लाल का होते, याचेही उत्तर येथेच मिळते.

प्रयोग चौथा : तीन बाटल्या आडव्या धरून वरून कापाव्यात. एकीत उघडी तांबडी माती, दुसरीत तीच माती व वर पाचोळा, तिसरीत गवतासह उचललेला मातीचा तुकडा ठेवावा. तिन्ही बाटल्या सारख्या उतारावर ठेवून झारीने सारखे पाणी घालावे. तोंडातून पडणारे पाणी तीन पेल्यांत धरावे. गढूळ पेला कोणता व निवळ कोणता, हे पाहून मुले जे बोलतील तेच फळ्यावर लिहावे; शिक्षकांनी वेगळा निष्कर्ष सांगण्याची गरज राहत नाही.

यांशिवाय एक सहल अवश्य काढावी. टेकडीच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत पाच ठिकाणी थांबून मूठमूठ माती घ्यावी, पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवावी आणि प्रत्येकीखाली खोली, रंग व तेथील गवत-झाड लिहावे. गावकऱ्यांकडे असलेल्या मृदा आरोग्य पत्रिका मागवून त्यांतील सामू व सेंद्रिय कर्ब यांचे आकडे मुलांकडून वाचून घ्यावेत. ५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन आहे. त्या दिवशी हा पुठ्ठा पालकांपुढे मांडता येईल.

८. शेवटी

पुस्तकात जे आहे ते शिकविणे हे आपले कर्तव्य आहेच. परंतु पुस्तक साऱ्या राज्यासाठी असते आणि टेकडी एका गावाची असते. त्या टेकडीचे पुस्तक कोणी छापणार नाही. ते शिक्षकानेच मुलांपुढे उघडावयाचे आहे. आज आपल्या वर्गात बसलेली मुले उद्या शेतकरी होतील, ग्रामपंचायतीत बसतील, मुरूम कोठून काढावयाचा आणि गुरे कोठे चारावयाची हे ठरवितील. त्या वेळी टेकडीवरील तांबडी माती म्हणजे निव्वळ रस्त्याचे भराव-साहित्य नव्हे, आपल्या काळीची ती जननी आणि आपल्या विहिरींची ती रक्षक आहे, एवढे जरी त्यांना आठवले तरी आपला तास सार्थकी लागला.

यापुढे शाळाभेटीस येईन तेव्हा तोच प्रश्न विचारीन, "तांबडी माती कोठे आढळते?" उत्तरादाखल मुलांनी पुस्तकाकडे न पाहता खिडकीबाहेर बोट दाखवावे, एवढीच अपेक्षा.